मदत हवी आहे: पावसाळ्यात घोडीची वैरण कशी सांभाळावी?

आमच्या मुंबईतील तबेल्यातील ११ वर्षांच्या, सुमारे ४०० किलो वजनाच्या मारवाडी घोडीला जूनपासून दोनदा सौम्य पोटशूळ झाला. पशुवैद्यांच्या तपासणीत दात व जंत यांत दोष आढळला नाही. जव-हरभऱ्याची चंदी (दाण्याचा खुराक) १० दिवसांत हळूहळू ४ किलोंवरून २ किलोंवर आणून ती तीन वेळांत विभागली आहे; पाणी सतत समोर असते आणि मीठही देतो. खरी अडचण सुक्या गवताची आहे: वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज ८ किलो हवे, परंतु या दमट हवेत गाठींना आठवड्याभरात बुरशी धरते (बुरशी झटकून तेच गवत घालावे, हा सल्ला मला पटत नाही). चरायला कुरण नाही. अशा वेळी सुक्या गवताचा किती भाग ताज्या लसूणघासाने (ल्यूसर्न या हिरव्या चाऱ्याने) सुरक्षितपणे बदलता येईल आणि तो बदल किती दिवसांत करावा?