अंटार्क्टिकावर मेकॅनिक म्हणून वर्षभर जावे का?

कुडाळवासी

नमस्कार. मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून गेली नऊ वर्षे कुडाळजवळच्या एका गॅरेजमध्ये जेसीबी, डंपर आणि जनरेटर यांची दुरुस्ती करतो आहे. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकावरील आपल्या स्थानकांसाठी मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, आचारी अशा लोकांना मोहिमेपुरते करारावर घेते, असे कळल्यापासून मन तिकडेच लागले आहे. घरी पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील आहेत. संशोधन संस्थेत माझ्यासारख्या माणसाला प्रत्यक्षात काय काम असते, आणि एक हिवाळा तिथे काढून परत आल्यावर त्या अनुभवाचा इथे काही उपयोग होतो का, हे जाणकारांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

जनरेटरवाले काका

मी ‘मैत्री’ या आपल्या अंटार्क्टिकावरील स्थानकावर एक हिवाळा काढला आहे, तेव्हा आधी कामाविषयी लिहितो. शास्त्रज्ञाचे उपकरण असो, आचाऱ्याची शेगडी असो किंवा तुमच्या खोलीतली ऊब, सगळे जनरेटरवर चालते. म्हणून स्थानकात ज्याच्यावाचून एक दिवसही निभत नाही असा माणूस बहुतेक वेळा तुमच्या धंद्यातला असतो. इंजिन तेच असते, पण थंडीत त्याचा स्वभाव बदलतो. हायड्रॉलिक तेल काकवीसारखे दाट होते, रबरी नळी वाकवायला जावे तर काडीसारखी मोडते, बॅटरी अर्ध्यावरच मान टाकते, आणि इथे वीस मिनिटांत बदलतो तो फिल्टर तिथे दोन तास घेतो, कारण जाड हातमोज्यांत नट धरवत नाही आणि हातमोजा काढला की उघडे बोट पान्याला चिकटते.

१९८९ साली उभारलेले ‘मैत्री’ शिर्माकर टेकड्यांच्या उघड्या खडकावर आहे आणि त्याला पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तलावातून येते. एका जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, रात्री दोनच्या सुमारास, त्या पाण्याच्या नळीला ऊब देणारी तार बंद पडली. बाहेर हिमवादळ असल्यामुळे आम्ही चौघे दोराला धरून गेलो आणि बॅटरीच्या उजेडात नळीवर हात फिरवत गोठलेला तुकडा शोधू लागलो. तो सापडेपर्यंत पहाट झाली असे लिहिणार होतो. पण मेच्या अखेरीपासून जुलै सरत येईपर्यंत तिथे सूर्यच उगवत नसल्यामुळे पहाट ही फक्त घड्याळात होते.

दुसरे असे की, आपले काम झाले म्हणून कोणी मोकळा होत नाही. हिवाळ्यात पंचविसाच्या आसपास माणसे उरतात आणि गॅली ड्यूटी, म्हणजे स्वयंपाकघरातली भांडी, झाडलोट आणि कचऱ्याची वर्गवारी, पाळीपाळीने सर्वांना करावी लागते, त्यात पीएच.डी. झालेला माणूसही सुटत नाही. माझ्या वर्षी दोघांचे भांडण कप कोणी विसळायचा यावरून सुरू झाले आणि सप्टेंबरपर्यंत ते एकमेकांशी बोलले नाहीत. काम जमेल की नाही याची काळजी करू नका. आठ महिने तीच तोंडे सहन होतील का, एवढे स्वतःला विचारा.

सौ. आठवले, चिपळूण

माझे यजमान वायरमन म्हणून गेले होते, म्हणून मागे राहिलेल्या माणसाच्या बाजूने लिहिते. फोन होतो, हल्ली चेहराही दिसतो, त्यामुळे मुलीची चिंता तुम्हाला वाटते तेवढी करू नका. वडिलांचे मात्र जाण्यापूर्वी स्पष्ट बोलून घ्या. उन्हाळी मोहीम आटोपली की साधारण मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत तिथून सहसा कोणालाच परतता येत नाही, घरी काहीही घडले तरी नाही. आमचे मामंजी ऑगस्टमध्ये गेले. यजमानांना मी दुपारी कळवले आणि अग्नी चुलत दिरांनी दिला. मामंजींनी स्वतःच, गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी, ‘माझे काही झाले तर नाना आहे’ असे सर्वांसमोर सांगून ठेवले होते. ते बोलले नसते तर यजमानांना तो हिवाळा कसा गेला असता, कोण जाणे.

डॉ. सह्याद्री

आठवलेताईंनी लिहिले त्याला वैद्यकीय बाजूही जोडतो. निवडीनंतर दिल्लीच्या एम्समध्ये शरीराची आणि मनाचीही तपासणी होते, आणि पुढे उत्तराखंडातल्या औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फात वावरण्याचे प्रशिक्षण असते. या तपासणीत माणसे किरकोळ वाटणाऱ्या कारणांवरून गळतात आणि रागावतात. परंतु हिवाळ्यात जवळपास रुग्णालय नाही, हे लक्षात घेतले की तो कडकपणा पटतो. ‘मैत्री’पासून काही किलोमीटरवर नोव्होलाझारेव्हस्काया हे रशियन स्थानक आहे. तिथे एप्रिल १९६१ मध्ये लिओनिद रोगोझोव्ह या डॉक्टरांचे अपेंडिक्स सुजले आणि स्थानकात दुसरा डॉक्टरच नसल्यामुळे, सहकाऱ्यांच्या हाती आरसा देऊन, त्यांनी स्वतःवर स्वतःच शस्त्रक्रिया केली. तेव्हा रक्तदाब, साखर, दात, काहीही लपवू नका.

पाषाणभेद

मी भूविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून फक्त उन्हाळ्यात गेलो होतो, त्यामुळे माझा शब्द हिवाळा काढलेल्यांच्या तोडीचा नाही. ‘भारती’ हे दुसरे स्थानक २०१२ पासून सुरू असून ते ‘मैत्री’पासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर, लार्समन टेकड्यांत, समुद्राकाठी आहे आणि १३४ मालवाहू कंटेनर जोडून बांधलेले आहे. नवे असल्याने राहायला अधिक सोयीचे. कुठे पाठवायचे हे संस्था ठरवते; पण कोणी विचारलेच, तर मेकॅनिकला शिकायला ‘मैत्री’वर जास्त मिळेल असे मला वाटते, कारण जुन्या घरात रोज काही ना काही मोडते.

जनरेटरवाले काका

परतल्यावरच्या उपयोगाचे राहून गेले. सरकारी खात्यातून किंवा सैन्यातून आलेल्यांची मूळ नोकरी शाबूत असते. करारावर आलेल्याचा करार मोहिमेबरोबर संपतो आणि संस्थेत कायम होण्याची आशा धरू नये. परत आल्यावर एका खासगी कंपनीत मुलाखतीला गेलो, तर साहेबांनी पेंग्विनविषयी पंधरा मिनिटे विचारले आणि नोकरी दुसऱ्याला दिली. पुढे जहाजांच्या जनरेटरचे काम मिळाले ते मात्र या अनुभवामुळेच. तुमच्या मालकांकडून परत घेण्याचा शब्द लेखी मिळत असेल तर घ्या.

अजून एक, कोकणातले आहात म्हणून. गणपतीसाठी मूर्ती नेऊ नका. तिथल्या तलावात काहीही विसर्जित करता येत नाही आणि पर्यावरणाच्या करारानुसार आपला कचराही आपणच परत आणायचा असतो. आम्ही सुपारीचा गणपती पुजला, आरती केली, मोदक आचाऱ्याने साखरेचेच केले कारण गूळ जूनमध्येच संपला होता, आणि ती सुपारी माझ्या शेव्हिंगच्या डब्यातून परत येऊन डिसेंबरात दाभोळच्या खाडीत गेली.

कुडाळवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवताना वडिलांपाशी विषय काढला. आठवलेताईंनी लिहिलेले तसेच्या तसे बोलायला मला जमले नाही, पण त्यांना ते न बोलताच समजले असावे. बराच वेळ गप्प राहून ‘लावणीला गडी कोण बघणार?’ एवढेच त्यांनी विचारले. मेव्हण्यांनी ते अंगावर घेतले आहे. मालक लेखी द्यायला तयार नाहीत, तोंडी हो म्हणतात. अर्ज करायचे ठरवले आहे. डॉक्टरसाहेब, माझी एक दाढ किडली असून ती अधूनमधून ठणकते. तपासणीत ती निघाली तर बाद करतील का?

डॉ. सह्याद्री

दाढेवर उपचार झालेला असेल तर सहसा अडचण येऊ नये. तसेच ठेवलेले दुखणे मात्र महागात पडू शकते. याच आठवड्यात दंतवैद्यांना दाखवा आणि उपचाराचे कागद फायलीत लावा.