पॅकेजचं नाव बदललं: नामांतर, फेरफार की आणखी काही?

शाहूपुरीकर:
आमच्या कॉलेजच्या लॅबमधली सगळी मशीन डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालतात. सुट्टीत नवी आवृत्ती चढवायची आहे, म्हणून मुलांसाठी चार पानांचं मराठी टिपण लिहितेय. एका जागी अडलेय. दोन आवृत्त्यांच्या मधे काही पॅकेजांची, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, नावं बदलतात. माल तोच, नाव नवं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘या पॅकेजचे नामांतर झाले आहे. जुने काढून नवे बसवावे.’ एका मुलानं अक्षरशः तसंच केलं. आधी जुनं पर्ज केलं, म्हणजे सेटिंगांसकट पुसलं, त्याबरोबर ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरमधल्या फाइलीत महिनाभर हातानं भरलेली सेटिंगं गेली, आणि मग बसलेलं पॅकेज कोरं करकरीत.

दोन शब्द हवेत. एक, या नाव बदलण्याला. दुसरा, जुन्या नावानं येणाऱ्या त्या रिकाम्या पॅकेजला, ज्यात काहीच नसतं, ते फक्त नव्याला ओढून आणतं. इंग्रजीत त्याला ट्रान्झिशनल किंवा डमी म्हणतात. ‘संक्रमण पॅकेज’ लिहिलं तर मुलांना व्हायरस वाटतो.

निवृत्त मास्तर:
ताई, नामाचं नंतर बघू, आधी क्रियापद बघा. घोटाळा ‘काढून’मधल्या ‘ऊन’नं केलाय. हे पूर्वकालवाचक आहे. ‘जेवून जा’ म्हटल्यावर कोणी आधी जात नाही. तुमच्या मुलानं मराठी बरोबर वाचलं. ‘नवे बसल्यावरच जुने काढावे’ असं लिहा. नामांतर शब्दात मात्र काही खोट नाही. यातलं ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरं’, भाषांतर, वेषांतर, देशांतर यांतलंच.

गंगावेशीतला:
मास्तर, व्युत्पत्ती बरोबर, पण शब्द कोशात राहत नाही, माणसांत राहतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही ‘नामविस्तार’ म्हणून. मधल्या सोळा वर्षांत लोकांनी घरं आणि जीव गमावलेत. माझे वडील त्या मोर्च्यांत चाललेत. सॉफ्टवेअरच्या टिपणात हा शब्द मला हलका झालेला बघवत नाही.

बायनरीभाऊ:
भावना समजते दादा. पण तुम्ही सांगितलेला फरक इथं कामाचा आहे. गिट-कोअर नावाच्या पॅकेजचं नुसतं गिट झालं, ते नामांतर. फायरफॉक्स ब्राउझरच्या नावामागं ईएसआर ही आवृत्तीची खूण लागली, तो नामविस्तार. मुलांना दोन्ही भेटणार आहेत.

गुऱ्हाळघर:
ताई, आमच्याकडं याला सरळ शब्द आहे की. फेरफार. जमीन तीच, गट नंबर तोच, बांध तोच. आज्जी गेली, तिचं नाव कमी झालं, वडलांचं चढलं. गाव नमुना ६ मध्ये नोंद पडली आणि सातबाऱ्यावर फेरफार नंबर आला. शेतकऱ्याच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

बायनरीभाऊ:
फेरफार अजिबात नको! पेपरात ‘हिशेबात फेरफार’ वाचलं की आपण काय समजतो? कोणीतरी हात मारला. आमच्या कामात तर जास्तच. पॅकेजची सही जुळली नाही तर मी ‘फाइलीत फेरफार झाला आहे’ असंच लिहीन. तोच शब्द नेहमीच्या अपग्रेडला वापरला तर खरा धोका कुठला ते मुलांना कळणार कसं?

पंचगंगा:
आणि फेरफार फारशी आहे ना? दप्तरातले सगळे शब्द तिकडूनच आलेत.

निवृत्त मास्तर:
दप्तर फारशी, फेरफार नव्हे. फिरणे, फेरा, फेरी, फेर धरणे, हे सगळं घरचं गोत. आणि फारशी असता तरी काय बिघडलं? फारशी-मराठी कोश करणारे माधव जूलियन आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवायचे, आणि तेच पुढं भाषाशुद्धीच्या बाजूनं उभे राहिले. ज्याला परका शब्द नेमका ओळखता येतो त्यानंच शुद्धीची भाषा करावी.

पंचगंगा:
मग ‘पॅकेज’ तरी का ठेवता?

निवृत्त मास्तर:
कारण ‘पुडकं’ म्हटलं की मला पापाच्या तिकटीवरचा फुटाणेवाला आठवतो, आणि मुलांनाही तोच आठवेल.

गंगावेशीतला:
मला ‘दत्तक’ सुचतोय. कागलचे यशवंतराव घाटगे १७ मार्च १८८४ ला दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. माणूस तोच, नाव नवं. कोल्हापुरात हे कोणाला सांगायला नको.

बायनरीभाऊ:
दत्तकात घराणं बदलतं. पॅकेजचं घराणं तेच राहतं. उलट डेबियन ९ मध्ये, २०१७ साली, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जागी मारियाडीबी आलं, तिथं गादी तीच आणि बसणारा दुसरा. त्याला ‘नाव बदललं’ म्हणणं चूक आहे. ताई, टिपणात हे दोन प्रकार वेगळे ठेवाच. पहिल्यात सेटिंग तशीच पुढं जाईल अशी अपेक्षा धरता येते. दुसऱ्यात आधी डेटाची प्रत काढल्याशिवाय हात लावू नये.

रंकाळाकाठ:
माझ्या आत्याचं लग्नात नाव बदललं. माहेरची पत्रं वर्षानुवर्षं जुन्या नावानं यायची आणि मंगळवार पेठेतला पोस्टमन न विचारता बरोबर तिच्या हातात द्यायचा. तुमचं ते रिकामं पॅकेज म्हणजे हा पोस्टमन. ‘पूर्वाश्रमीचे नाव’ असा शब्द आहेच आपल्याकडं. फायरफॉक्स डेबियनमध्ये २००६ ला नावाच्या हक्कावरून आइसवीझल झालं आणि २०१६ ला परत फायरफॉक्स झालं, म्हणजे माहेरचं नाव परत घेतलं.

पंचगंगा:
डमीला ‘बुजगावणं’ चालेल?

गुऱ्हाळघर:
बुजगावणं पाखरं हाकलतं. हे तर बोलावून आणतंय.

शाहूपुरीकर:
सगळ्यांचे आभार. नवा खर्डा: ‘या पॅकेजचे नाव बदलले आहे. आधी यादी ताजी करा, मग अपग्रेड करा. जुन्या नावाचे पॅकेज नव्याला आपोआप आणेल. नवे चालते आहे हे पाहा, त्यावर एपीटी-मार्क या आज्ञेने मॅन्युअल (हाताने बसवलेले) अशी खूण करा, म्हणजे नको ती पॅकेजे काढणारी ऑटोरिमूव्ह ही आज्ञा त्याला बेवारस समजणार नाही. त्यानंतरच जुने काढा.’ रिकाम्या पॅकेजला तूर्त ‘वाटाड्या पॅकेज’ म्हटलंय. अजून एक. नुसती ‘एपीटी-गेट अपग्रेड’ ही आज्ञा नवं पॅकेज बसवत नाही (त्याला एपीटी फुल-अपग्रेड लागतं), त्यामुळं नाव बदललेली पॅकेजं ‘केप्ट बॅक’ म्हणून मागं राहतात. याला ‘राखून ठेवलेली’ म्हणू की ‘अडलेली’?

निवृत्त मास्तर:
‘ताजी करा’ का? ‘अद्ययावत’ आहे की. आणि दोन य लिहा, ‘अद्यावत’ नको. अद्य अधिक यावत्, आजपर्यंत.

बायनरीभाऊ:
मास्तर, अपडेट आणि अपग्रेड या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, आणि मराठीत दोन्हीला अद्ययावतच लिहितात. अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ताईंनी ‘ताजी’ वापरलं ते फार बरं केलं.

गुऱ्हाळघर:
वाटाड्यापेक्षा सातबाऱ्यावरचा ‘कंस’ बघा एकदा. २०२० च्या नव्या नमुन्याआधी कमी झालेलं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. आमच्या जुन्या उताऱ्यावर आज्जीचं नाव कंसात आहे, आणि शेजारी फेरफार नंबर. तो नंबर धरून गेलं की वडलांच्या नावापर्यंत पोचतो.

रंकाळाकाठ:
‘कंस करणे’ म्हणतात की ‘कंसात टाकणे’? आमच्या गडहिंग्लजकडं मी दुसरंच ऐकलंय.

गुऱ्हाळघर:
आमच्या करवीरात ‘नावाला कंस केला’ असंच म्हणतात. उद्या चावडीत जाणार आहे, विचारून लिहितो.