मदत हवी आहे: कपडे घरच्या घरी व्हॅक्यूम पॅक कसे करायचे? (स्वस्तात)

मंडळी, डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठाच्या ट्रेकला निघालोय. सॅक 50 लिटरची, त्यातली अर्धी जागा एकटी स्लीपिंग बॅगच खाते. फेदर जॅकेट, दोन फ्लीस, थर्मल आणि आईने बळेच दिलेली शाल अजून जमिनीवरच पडलेत. शाल घरी विसरायची सोय नाही, फोटोत दिसली पाहिजे.

काल एक प्रयोग केला. कचऱ्याच्या काळ्या पिशवीत दोन्ही फ्लीस कोंबले, तोंडाशी व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरून मुठीने आवळलं. नळी पिशवीच गिळायला लागली, म्हणून तिला जुना मोजा चढवला. मग मात्र सगळं पापडासारखं चपटं! पीळ दिला, रबरबँड लावला, झोपलो. सकाळी पाहतो तर पुरीसारखं टम्म.

व्हॉल्ववाल्या पिशव्या आणाव्यात, तर परतताना सांक्रीत (ट्रेक जिथून सुरू होतो ते गाव) व्हॅक्यूम क्लीनर कुठून आणू? स्वयंपाकघरातलं, हवा ओढून पिशवी बंद करणारं सीलिंग मशीन कुणी वापरलंय का?

सुतळी
वापरलंय. पिशवी साधारण 28 सेंमी रुंदीपर्यंतच घेतं. मोजे, थर्मल बसतात, जॅकेट विसर. शिवाय आतून खरबरीत नक्षी असलेलीच पिशवी लागते, गुळगुळीत पिशवीतली हवा नीट ओढली जात नाही. परत यायला पुन्हा तेच दुखणं, कापलेली पिशवी सील कशाने करणार?
तुझी हवा पिळातून शिरली असणार. पीळ दुमडून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळ, रात्रभर तरी टिकेल.

वळकटीवाला
मशीन कशाला? जाड, मोठी झिपलॉक घे. कपडे सपाट घाल, झिप बोटभर उघडी ठेव आणि गुडघ्याने दाबत तळाकडून तोंडाकडे वळकटी करत ये. हवा निघाली की झिप बंद. सांक्रीतही जमतं. फक्त अगदी फळीसारखं कडक करू नकोस. कडक ठोकळे सॅकमध्ये नीट बसत नाहीत, भोवती पोकळ्या राहतात. थोडं मऊ ठेवलं की कोपऱ्यात मुरतं.
फेदर जॅकेट प्रवासापुरतंच दाब, पोचल्यावर काढून झटक. महिनोन् महिने दाबून ठेवलं तर पिसं पुन्हा नीट फुलत नाहीत, मग ऊब कुठली? येताना ओले कपडे मात्र अजिबात बंद करू नकोस, घरी पिशवी उघडशील तेव्हा कळेल. आणि जागा वाचली तरी वजन तेवढंच राहतं, विमानाने जाणार असशील तर काटा आधी बघ.
खरं सांगू? स्लीपिंग बॅग सांक्रीत भाड्याने मिळते. तीच घरी ठेव.

धागाकर्ता
भाड्याचं डोक्यातच आलं नव्हतं! गुडघा पद्धत आत्ता करून पाहिली. फ्लीस निम्मे झाले, तासभर तसेच आहेत. शाल मात्र फुगली, झिपमध्ये तिचे गोंडे अडकले होते. गोंडे आत खोचून पुन्हा गुडघा टेकलाय.