इनव्हॉल्यूट: गिअरचा दाता आणि अळंबीची कडा, दोन्हींना एकच मराठी शब्द चालेल का?

रानवाट:
विज्ञान प्रदर्शनाच्या फलकांचं भाषांतर चाललंय. एका फलकावर आहे: 'इनव्हॉल्यूट दात्यांचा स्पर्शबिंदू एकाच सरळ रेषेवरून सरकतो.' दुसरा फलक युरोपातल्या जंगलांतल्या पॅक्सिलस इनव्होल्यूटस या अळंबीचा: 'टोपीची कडा दीर्घकाळ इनव्हॉल्यूट राहते.' इंग्रजीत शब्द एक, तेव्हा मराठीतही एकच हवा, असा संपादकांचा हट्ट. मी दोन्हीकडे 'अंतर्वलित' लिहिलं. गिअरचा मजकूर तपासणाऱ्यांनी त्यावर फुली मारली, 'दात्यात आत वळलेलं काय आहे?' असा शेरा मारून. काय करावं?

अनुस्वार:
शब्द तयार आहे. हिंदी परिभाषेत इव्होल्यूटला केंद्रज आणि इनव्हॉल्यूटला प्रतिकेंद्रज म्हणतात. वक्राच्या प्रत्येक बिंदूचं वक्रताकेंद्र काढा, ती केंद्रं जोडा, जो वक्र मिळेल तो केंद्रज. त्याच्या उलट प्रतिकेंद्रज. नेमका आणि निर्दोष. अळंबीचं तुम्ही बघा.

पिनियनपती:
निर्दोष असेल, पण गिअरच्या संदर्भात 'केंद्र' म्हटलं की वाचणारा चाकाचा मध्य समजणार. इथे केंद्रज म्हणजे बेस सर्कल, ज्यावरून दात्याचा वक्र काढतात ते एक अख्खं वर्तुळ. फलक वाचणाऱ्या नववीच्या पोराला हे कोण सांगणार?

मूळ क्रिया पाहा. बेस सर्कलवर दोरा गुंडाळा, टोकाला पेन्सिल बांधा, दोरा ताणून सोडवत जा. पेन्सिल जी रेघ काढते तो इनव्हॉल्यूट. मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) २, दाते २०, दाबकोन (दाते एकमेकांना ढकलतात त्या रेषेचा कोन) २० अंश घेतला तर पिच व्यास, म्हणजे मॉड्यूल गुणिले दाते, ४० मिमी आणि बेस सर्कल ४० गुणिले कोसाइन २०, म्हणजे ३७.५९. ताणलेला दोरा दर क्षणी बेस सर्कलला स्पर्शिका आणि वक्राला लंब असतो. म्हणूनच दोन चाकांमध्ये स्पर्शबिंदू दोन्ही बेस सर्कलच्या सामाईक स्पर्शिकेवरून सरकतो. रानवाट, तुमची 'सरळ रेषा' ती हीच. दोरा उलगडतोय, आत काही वळत नाही. माझं मत: उलगडवक्र.

हॉबकटर:
उलगडवक्र ऐकायला छान, पण उलगडला जातो तो कोण? बेस सर्कल. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७३ मध्ये लंबकाच्या घड्याळावर लिहिताना उलगडल्या जाणाऱ्या वक्रालाच इव्होल्यूट म्हटलं. उलगडताना उमटतो तो इनव्हॉल्यूट. तुमचा शब्द दोघांनाही लागू पडतो, म्हणजे कोणालाच नाही. गंमत अशी की जर्मन लोक इनव्हॉल्यूटलाच 'एव्होल्व्हेंटं' म्हणतात. जर्मन हॉबिंग मशीनचं, म्हणजे दाते कापणाऱ्या मशीनचं, मॅन्युअल इंग्रजी कोश घेऊन वाचणारा तिथेच अडकतो.

शॉपमध्ये सगळे इनव्हॉल्यूटच म्हणतात. ड्रॉइंगवर मॉड्यूल, दाते, दाबकोन, करेक्शन (कटर किती सरकवायचा ते), स्पॅन (काही दात्यांवरून घेतलेलं माप) एवढं असलं की काम होतं. भाषांतराची गरजच काय?

अनुस्वार:
शॉपमध्ये 'गिअर काटला' हेही म्हणतात. तेही फलकावर लावायचं का?

हॉबकटर:
लावा की. 'दंतचक्र कर्तन' लावलंत तर वाचणारा दातांच्या डॉक्टरकडे जाईल.

बुरशीबाई:
अळंबीची बाजू कोणीच धरलेली दिसत नाही. 'अंतर्वलित'मध्ये 'आत' म्हणजे कुठे, हाच प्रश्न आहे. वनस्पतिशास्त्रात पानाची कडा इनव्हॉल्यूट असते तेव्हा ती वरच्या पृष्ठाकडे गुंडाळते. खालच्या पृष्ठाकडे गेली तर ती रिव्हॉल्यूट. अळंबीच्या टोपीला इनव्हॉल्यूट म्हणतात तेव्हा कडा खाली जाऊन दांड्याकडे, टोपीखालच्या पडद्यांकडे वळलेली असते. पानाच्या नियमाने पाहिलं तर चक्क उलट. तेव्हा एकाच शब्दाच्या हट्टाला इंग्रजीतही फारसा आधार नाही. गिअर, पान, अळंबी मिळून तीन वेगळे अर्थ झाले.

आणखी एक. कडा नुसती खाली झुकलेली असणं वेगळं आणि गुंडाळी झालेली असणं वेगळं. बहुतेक अळंब्यांची कडा कोवळेपणी झुकलेली असते आणि टोपी उघडताना सरळ होते. पॅक्सिलसमध्ये टोपी पसरून मध्ये खोलगट झाली तरी कडेची गुंडाळी बराच काळ टिकते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बाट्शने १७८६ मध्ये नाव दिलं ते त्यावरूनच. नुसतं 'आत वळलेली' लिहिलंत तर ही ओळखच निसटते.

उगाचएक:
मग 'वळकटी कडा' म्हणा! गादीची वळकटी सगळ्यांना कळते. आणि धातूही तोच: वल्, त्यावरून वलय, वलित, वळण, वळकटी. म्हणजे अंतर्वलितचा घरगुती भाऊ. लॅटिन व्होल्व्होसुद्धा याच वल्चा चुलत भाऊ असणार, पैज लावतो.

पिनियनपती:
कडेसाठी वळकटी मला पटलं. दात्यासाठी नाही. शिवाय सरसकट 'इनव्हॉल्यूट दाता' म्हणणंही अर्धंच खरं आहे. वरच्याच चाकात मुळाचा व्यास ४० वजा ५, म्हणजे ३५; बेस सर्कल ३७.५९. बेस सर्कलच्या आत इनव्हॉल्यूट असूच शकत नाही, त्यामुळे तळाशी हॉबच्या (दाते कापणाऱ्या हत्याराच्या) टोकाने कोरलेला वेगळाच वक्र असतो. २० अंशांना ४२ दात्यांपासून पुढे मुळाचं वर्तुळ बेस सर्कलच्या बाहेर येतं.

हॉबकटर:
आणि १७ दात्यांच्या खाली गेलात की हॉब त्या चांगल्या भागालाही पोखरतो. दोन भागिले साइन वर्ग २०, उत्तर १७.१. जुन्या साडेचौदा अंशांच्या चाकांना हाच आकडा ३२ येतो, म्हणून तर जग २० अंशांवर आलं. १२ दात्यांचं पिनियन (जोडीतलं लहान चाक) हवं असेल तर १७ वजा १२ भागिले १७, करेक्शन ०.२९४. मॉड्यूल २ला हॉब ०.५९ मिमी बाहेर सरकवायचा आणि ब्लँकचा (दाते कापण्याआधीच्या चकतीचा) ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, २८ ऐवजी २९.१८ टर्न करायचा. नेहमी चुकतं ते इथेच: हॉब सरकवतात, ब्लँक मात्र २८चाच राहतो, दाता बुटका निघतो आणि दोष हॉबला. जोडीचं चाक ४० दात्यांचं असेल तर त्याला तेवढंच उणं करेक्शन द्या, ओडी ८४चा ८२.८२ होतो, आणि दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर ५२च राहतं.

या अंडरकटला 'अधःकर्तन' म्हणणारे भेटलेत. अनुस्वार, तुमच्यापैकीच का?

अनुस्वार:
अधःकर्तनात वाईट काय? तिरकस बोलून शब्द मोडत नाहीत. मुद्दा एवढाच की केंद्रज, प्रतिकेंद्रज हे अस्सल संस्कृत शब्द आहेत आणि भारतभर चालतील. वळकटी गुजरातेत चालणार नाही.

उगाचएक:
अस्सल? अहो, 'केंद्र' हा शब्दच ग्रीक 'केंट्रॉन'वरून आपल्या ज्योतिषात आला. केंट्रॉन म्हणजे टोकदार पराणी, कंपासचं रोवलेलं टोक. इनव्हॉल्यूट परका आणि केंद्र मात्र घरचं, हा न्याय कुठला?

अनुस्वार:
दीड हजार वर्षं राहिला की घरचा होतो.

हॉबकटर:
मग गिअरला आणखी किती वर्षं थांबायचं, तेवढी तारीख सांगा.

बुरशीबाई:
केंद्रावरून आठवलं, बुरशीच्या फलकावर प्रतिकेंद्रज चुकूनही नको. त्याच फलकावर पुढे 'द्विकेंद्रकी' येणार. केंद्रक म्हणजे न्यूक्लियस. प्रत्येक पेशीत दोन वेगळ्या पालकांची केंद्रकं एकत्र न मिसळता शेजारी राहतात, ती अवस्था. केंद्रज आणि केंद्रकी एका पानावर आले की मुद्रितशोधकही चुकणार.

रानवाट:
हो, त्या भागात आणखी एक अडचण आहे. 'मेटिंग टाइप'ला मी 'लिंग' लिहिलंय. शिझोफायलम कम्यून या बुरशीला २३,३२८ लिंगं, असं वाक्य झालंय. चालेल ना?

बुरशीबाई:
नको! लिंग म्हटलं की नर, मादी आलं. इथे बीजांडही नाही आणि शुक्राणूही नाही. दोन तंतू भेटतात, जुळतात, केंद्रकं देवाणघेवाण करतात. तो आकडा कसा येतो ते पाहा. जुळणी दोन स्वतंत्र जनुकस्थानांवर ठरते, ए आणि बी. ए-चे दोन भाग, अंदाजे ९ आणि ३२ प्रकारांचे, म्हणून २८८. बी-चेही दोन, ९ आणि ९, म्हणून ८१. गुणाकार २३,३२८. म्हणजे हे जगभरच्या नमुन्यांवरून बांधलेलं अनुमान आहे, फलकावर 'सुमारे' घाला. जुळायला ए आणि बी दोन्ही वेगळे लागतात, म्हणून एकाच अळंबीच्या बीजाणूंपैकी आपसांत चौथा हिस्साच जुळतो. मी 'जोडगट' लिहिते.

पिनियनपती:
जुळले हे ओळखता कसं?

बुरशीबाई:
एकेका बीजाणूपासून वाढवलेल्या दोन बुरश्यांचे ५ मिमीचे तुकडे माल्ट अगारच्या (बुरशी वाढवायच्या जेलीच्या) ९ सेंमी प्लेटमध्ये जवळजवळ ठेवायचे. वाढी भिडल्या की भिडल्या जागेपासून थोड्या अंतरावरचे तंतू उचलून ४०० पट मोठे करून पाहायचे. जुळले असतील तर दोन पेशींमधल्या प्रत्येक आडपडद्यापाशी क्लॅम्प दिसतो: बाजूने निघालेला, मागे वळून पुन्हा तंतूलाच चिकटलेला छोटा फाटा. चूक होते ती खोट्या क्लॅम्पमुळे. ए वेगळा पण बी सारखा असेल तर फाटा निघतो, पण चिकटतच नाही. घाईत तो मोजला की जुळणी नसलेली जोडी जुळलेली म्हणून वहीत जाते.

पॅक्सिलस इनव्होल्यूटसमध्ये अशाच जोड्या लावल्यावर काही गट एकमेकांशी कधीच जुळत नाहीत असं दिसलं. पुढे जनुकक्रमांनीही ते गट वेगळे ठरले. आज युरोपात त्या एका नावातून ऑब्स्क्युरिस्पोरस, व्हॅलिडस, अमोनियाव्हिरेसेन्स अशा जाती वेगळ्या काढल्यात. रानवाट, फलकावरचा फोटो नक्की इनव्होल्यूटसचाच आहे ना, तेही तपासा. आणि 'खाद्य' असं कुठे लिहिलं असेल तर आधी खोडा. पूर्व युरोपात ती शिजवून खात असत, पण पुन्हापुन्हा खाल्ल्यावर काहींच्या शरीरात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारी प्रतिक्रिया होते. युलियस शेफर हा जर्मन बुरशीतज्ज्ञ १९४४ मध्ये ती खाऊनच गेला.

रानवाट:
'खाद्य' लिहिलेलं नाही, पण विषारी असल्याचाही उल्लेख नाही. आजच घालते. फोटोचंही विचारते. आणि इनव्हॉल्यूट?

उगाचएक:
क्लॅम्पला 'आकडी' म्हणा ना! आकडा, आकडी, अंकुश, सगळे एकाच घरातले.

बुरशीबाई:
आकडी म्हणजे फिट येणं. 'तंतूला आकडी आली' वाचून लोक काय समजतील?

अनुस्वार:
'अंकुशबंध'.

हॉबकटर:
झालं, आलं अधःकर्तनाचं भावंड. शॉपमध्ये क्लॅम्पला क्लॅम्पच म्हणतात.

बुरशीबाई:
तुमचा क्लॅम्प जॉब धरून ठेवतो. हा एक केंद्रक मागच्या पेशीत पोचवतो. धरायचं काम याचं नाहीच.

पिनियनपती:
मग 'वळसा' कसा वाटतो? पुढून निघून मागच्या पेशीत शिरतो तो.

अनुस्वार:
वळसा ही क्रिया झाली, अवयव नाही.