जुन्या एनए एमएक्स-५ ला नव्या एनडीची १७ इंची चाके: बसतात, पण घासतात

एनए१९९१:
जाणकारांस नमस्कार. माझ्याकडे पहिल्या पिढीची, म्हणजे एनए श्रेणीतली, १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे. इंजिन १.६ लिटरचे, स्टिअरिंगला पॉवर नाही, आणि चाके कारखान्यातून आली तीच: ५.५जे (म्हणजे साडेपाच इंच) रुंदीची १४ इंची अलॉय, ईटी ४५ (हा ऑफसेट, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतले मिमीमधले अंतर), त्यांवर १८५/६० आर१४ टायर (१८५ मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, १४ इंची रिमसाठी). एका परिचितांनी त्यांच्या चौथ्या पिढीच्या, एनडी गाडीवरून उतरवलेला चाकांचा संच मला देऊ केला आहे. तो १७ इंची, ७जे, ईटी ४५ असा असून त्यावरचे २०५/४५ आर१७ टायर अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. दोन्ही गाड्यांना चारच नट आणि दोन्हींचा पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, १०० मिमी, तेव्हा डोळे मिटून लावा, असे त्यांचे म्हणणे.

मी डोळे उघडे ठेवून पुढचे डावे चाक लावून पाहिले. ते हबवर चपखल बसले, जॅकवर असताना मोकळे फिरले, ब्रेकलाही कुठे लागले नाही. मात्र गाडी खाली उतरवून जागच्या जागी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवल्यावर चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर, मागच्या बाजूला, टायर घासल्याचा आवाज आला. आता स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती) लावावा, फेंडरची आतली कड दुमडावी, की हा विचारच सोडून द्यावा? गाडी मला शक्यतो कापायची नाही.

मोजपट्टी:
आपला अनुभव मला अपेक्षितच वाटला, कारण आपण तपासलेल्या गोष्टी जुळतात आणि अडचण आहे ती न तपासलेल्या गोष्टीत. एनए आणि एनडी या दोन्हींचा पीसीडी ४×१०० आहे, हबचे मधले छिद्र ५४.१ मिमी आहे, नट एम१२ मापाचे, १.५ मिमी पिचच्या (शेजारच्या दोन आट्यांतले अंतर) आट्यांचे आणि शंकूच्या आकाराच्या बैठकीचे आहेत. शिवाय आपल्या दोन्ही रिमचा ऑफसेटही ४५ च आहे. ऑफसेट सारखा असल्याने रिमची मध्यरेषा आत वा बाहेर सरकत नाही, फक्त रुंदी वाढते. ५.५ वरून ७ म्हणजे दीड इंच, अर्थात ३८ मिमी, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाऊन रिमची कड आत १९ आणि बाहेर १९ मिमी जाते.

टायरची भिंत मात्र तेवढी सरकत नाही. १८५ चा टायर साडेपाचच्या रिमवर दोन्ही अंगांनी फुगून रिमच्या बाहेर आलेला असतो, तर २०५ चा टायर ७ च्या रिमवर जवळजवळ सरळ उभा राहतो. त्यामुळे टायरच्या अंगाने प्रत्येक बाजूला वाढ जेमतेम १० मिमीची होते. रुंदीची भीती वाटते तितकी मोठी नाही, ती एवढ्यासाठीच.

खरा दोष व्यासाचा आहे. १८५/६० आर१४ चा व्यास सुमारे ५७८ मिमी भरतो आणि २०५/४५ आर१७ चा ६१६ मिमी. म्हणजे चाकाचा घेर ६.७ टक्क्यांनी वाढला आणि पुढे, मागे, वर अशा सर्व दिशांना टायर १९ मिमी अधिक जागा मागू लागला. स्टिअरिंग उजवीकडे वळवले की डाव्या चाकाची मागची कड बाहेर फिरते आणि नेमकी त्याच ठिकाणी अस्तरावर आपटते. फेंडरची कड दुमडून हा प्रश्न सुटणार नाही, कारण घासणे कडेवर नसून अस्तरावर आहे.

रिम ठेवून टायर बदला, असे मी सुचवीन. २०५/४० आर१७ चा व्यास ५९६ मिमी येतो, म्हणजे मूळच्या तुलनेत वाढ ३ टक्क्यांच्या किंचित वर. खरेदी करताना भारांक, म्हणजे टायर किती भार पेलतो याचा संकेतांक, पाहावा: मूळ टायरचा ८२, म्हणजे ४७५ किलो, असतो आणि या मापात जादा भार पेलणारा ८४ चा टायर मिळतो.

चौथा_गिअर:
मोजपट्टी यांचे गणित बिनचूक आहे, पण सगळे बसले तरी हे करावे का, या प्रश्नाला त्यांनी बगल दिली आहे, आणि माझा कल नकाराकडे आहे. आपल्या १.६ लिटरच्या गाडीचा डिफरन्शियलचा गुणोत्तर आकडा ४.३ आहे. घेर ६.७ टक्क्यांनी वाढवणे म्हणजे तो आकडा ४.०३ करण्यासारखेच आहे, अर्थात गाडीची ओढ तेवढी कमी होते. एकशे पंधराच्या आसपास अश्वशक्ती असलेल्या इंजिनाकडून हा दंड वसूल करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. वेगमापकाची केबल गिअरबॉक्समधून येते, त्याला चाक बदलल्याचा पत्ता लागत नाही. काटा १०० दाखवील तेव्हा आपण १०६-१०७ ने जात असाल. २०५/४० घेतल्यास हीच चूक १०३ वर येते.

दुसरी गोष्ट वजनाची. कारखान्याचे १४ इंची अलॉय एकेक सुमारे साडेपाच किलोचे आहे. आपल्याला मिळालेले चाक टायरसकट स्नानगृहातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहा आणि मग जुने टायरसकट ठेवा. फरकाचा आकडा वाचल्यावर निर्णय कदाचित आपोआप होईल. हे वजन स्प्रिंगच्या खालचे आहे आणि फिरणारेही आहे, त्यातही ते परिघाकडे सरकलेले आहे. या गाडीची सारी गंमत तिच्या चपळाईत आहे, आणि नेमका तिलाच हा भार जाणवतो.

रुंदीच हवी असेल तर १५ इंची, साडेसहा किंवा सात रुंदीचे रिम आणि १९५/५० आर१५ टायर घ्यावा. त्याचा व्यास ५७६ मिमी, म्हणजे मूळ टायरहून दोनच मिमी कमी. दुसऱ्या पिढीच्या एनबी गाडीला हाच टायर सहा रुंदीच्या १५ इंची रिमवर कारखान्यातूनच येत असे, आणि त्या रिमचा पीसीडीही ४×१०० आहे.

आटेफेरे:
हा मजकूर पुढे वाचणाऱ्यांसाठी एक इशारा. "नव्या मॉडेलची चाके" असे ऐकून कोणी तिसऱ्या पिढीच्या, एनसी गाडीची घेऊ नयेत. तिला पाच नट आहेत, पीसीडी ११४.३ आणि मधले छिद्र ६७.१ मिमी. अडॅप्टर (नटांची मांडणी बदलून देणारी जाड चकती) लावून ती बसवता येतात, पण १७ इंची ७जे रिमचा ईटी ५५ असतो. २५ मिमी जाडीचा अडॅप्टर लावला की तो प्रत्यक्षात ३० होतो आणि बाहेरची कड मूळ जागेहून ३४ मिमी बाहेर येते. मग कमानीशी झुंज ठरलेली.

एनए१९९१:
तिघांचेही आभार. वजनकाट्याचा प्रयोग केला. फरक वाचून थोडा वेळ गप्प बसलो, हे कबूल करतो. तरीही १७ इंची चाकांचा मोह पूर्ण सुटलेला नाही, म्हणून एकच शंका विचारतो: ५ मिमीचा स्पेसर लावून चाक बाहेर काढले तर आतल्या बाजूला, शॉक अब्सॉर्बरकडे, निर्धास्त होता येईल ना?

आटेफेरे:
आत जागा कमी आहे हे मोजले आहे का? नसेल तर स्पेसर हा न झालेल्या आजारावरचा उपचार ठरेल, आणि टायर बाहेर सरकल्याने आपले अस्तराचे घासणे उलट वाढेल. एम१२ च्या नटाने किमान १२ मिमी आटे पकडावेत, म्हणजे दीडच्या पिचने आठ पूर्ण फेरे, असा मी दंडक पाळतो. एका वर्कशॉपने माझ्या गाडीला असाच सपाट स्पेसर लावून दिला होता. घरी आल्यावर मी नट मोजून सोडवला तर साडेपाच फेऱ्यांत तो हातात आला. शिवाय सपाट स्पेसरमुळे हबच्या ५४.१ मिमीच्या कडेचा आधार कमी होतो आणि चाक मध्यावर ठेवण्याचे काम एकट्या नटांवर येते.

मोजण्याची पद्धत सांगतो. टायर नसलेला नुसता रिम लावावा, त्या कोपऱ्याची स्प्रिंग काढून ठेवावी आणि जॅकने हब बम्प स्टॉपला (सस्पेन्शनची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत उचलावा. रिमच्या आतल्या कडेला मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे छोटे गोळे चिकटवावेत, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन चाक हाताने फिरवावे आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी कॅलिपरने पाहावी. मोटारीचे काम करणाऱ्या माणसाला खेळण्यातली माती वापरताना पाहून घरचे हसतात, त्याला इलाज नाही. टायर चढवल्यावर कमानीच्या आतल्या कडेला खडू फासून दोन माणसे बसवून खड्ड्याखोड्यांतून फेरी मारावी. खडू जिथे पुसला गेला असेल तिथे टायर पोहोचतो.

एनए१९९१:
दोन आठवड्यांनी लिहितो आहे. पुढच्या चाकाच्या आत सर्वांत चेपलेला गोळा ७ मिमीचा भरला, मागच्या चाकाच्या आत ९ मिमीचा. तेव्हा स्पेसरचा विषय संपला. २०५/४५ चे टायर परिचितांना परत केले, २०५/४० आर१७, ८४ भारांकाचे घेतले आणि नट टॉर्क रेंचने ११० न्यूटन-मीटरला आवळून शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. अस्तरावरचे घासणे बंद झाले आहे. खडू फक्त मागच्या उजव्या कमानीच्या कडेवर नखाएवढा पुसला गेला, तोही दोघे बसून सामान भरल्यावर. ती कड अजून दुमडलेली नाही.

गाडी वळणात अधिक घट्ट धरते हे खरे, पण चौथा_गिअर यांचेही म्हणणे खरे ठरले: चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती पूर्वीसारखी उसळत नाही आणि पार्किंग करताना हात भरून येतात. रस्त्यातला प्रत्येक जोड आता कमरेला कळतो. जुनी चाके धुऊन, टायरांत हवा भरून गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवली आहेत. १५ इंची एनबी रिमचा संच कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.