मदत हवी आहे: 12 नंबरचा पाय आणि बास ड्रमचं पेडल

नमस्कार मंडळी,

ड्रम्स वाजवणाऱ्यांना विचारायचं आहे. पुण्यात सहा वर्षं ढोल पथकात होतो, त्यामुळे हात आणि लय यांची चिंता नाही. ड्रमकिटवर बसायला लागून दीड वर्ष झालं आणि गाडी उजव्या पायापाशी, म्हणजे बास ड्रमच्या (जमिनीवरच्या मोठ्या ड्रमच्या) पेडलपाशी अडली आहे.

उंची सहा फूट तीन इंच, बूट 12 नंबरचा. अनवाणी पाऊल मोजलं तर 30 सेंमी भरतं आणि माझ्या पेडलचा फुटबोर्ड (पाय ठेवायची फळी) टाचेच्या पट्टीसकट 29. हील डाउन (टाच टेकवून) वाजवताना टाच पट्टीवर ठेवली तर अंगठा साखळीला लागतो. अंगठा वाचवला तर टाच पट्टीच्या मागे जमिनीवर जाते, घोटा आणि पेडलची बिजागरी एका रेषेत राहत नाहीत आणि दहा मिनिटांत नडगीच्या बाजूचा स्नायू भरून येतो.

हील अप (टाच उचलून) केलं की आवाज भरदार येतो. पण गाणं रंगात आलं की चवडा नकळत पुढे सरकतो आणि बीटर (ड्रमवर आपटणारा दांडा) परत येताना बोटांवर बसतो. घरी आल्यावर उजव्या मोज्याच्या टोकाला साखळीच्या ग्रीसचा काळा डाग ठरलेला. ठरवून पाय मागे घेतला तर पेडल एकदम जड लागतं.

एका मात्रेत दोन ठोके 120 बीपीएमपर्यंत (मिनिटाला 120 मात्रा) आरामात जातात. डबल्स (एका पायाने झटपट लागोपाठ दोन ठोके) मात्र 85 च्या पुढे गेले की दुसरा ठोका नुसता पुसट लागतो. स्लाइडने (पहिल्या ठोक्यानंतर पाय पुढे सरकवून दुसरा) करायचं म्हटलं तर सरकायला पुढे जागाच नाही. सर म्हणतात सवयीने होईल, पण त्यांचा पाय 7 नंबरचा. मी बसतो तेव्हा नेमकं काय होतं ते त्यांना सांगूनही कळत नाही.

जानेवारीत मित्रांच्या बँडबरोबर पहिला कार्यक्रम आहे. ढोलात अख्खं अंग ठोक्यात उतरतं, तोच दणका मला किकमधून (बास ड्रममधून) हवा आहे. लाँगबोर्ड (लांब फळीचं) पेडल घ्यावं का? की आधी बैठक बदलावी? मोठ्या पायाच्या कुणी डबल्स कसे बसवले?

प्रतिसाद

माझा पाय 11 नंबरचा, वीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय. पेडलवर आत्ताच पैसे घालू नका.

पेडल जड का लागतं ते आधी लक्षात घ्या. पेडल म्हणजे तरफ. बिजागरीच्या जवळ दाबलं तर जोर जास्त लागतो, साखळीच्या बाजूला दाबलं तर कमी, पण तिथे पाय जास्त खालीवर करावा लागतो. तुम्ही अंगठा वाचवायला मागे येता म्हणजे बिजागरीकडे येता. लाँगबोर्डमध्ये बिजागरीच मागे गेलेली असते, म्हणून मोठ्या पायाला तो सोसतो.

आज एवढं करा. स्टूल वीतभर मागे घ्या आणि मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील इतकं उंच करा. उंच माणसं खाली बसली की गुडघा वर येतो आणि सगळा भार चवड्यावर पडतो. बूट काढा. चवडा बोर्डवर दोन-दोन सेंमी पुढेमागे करत एकेक ठोका मारा. बीटर जिथून स्वतःहून उसळून परत येतो तिथे खडूने रेघ ओढा. अंगठा कुठे येतो ते बघू नका, चवड्याचं हाड त्या रेघेवर हवं. पाय सरळ बसत नसेल तर टाच थोडी बाहेर वळवून तिरका ठेवा. तिरक्या पावलाला तोच बोर्ड पुरतो.

बीटर थोडा ड्रमच्या बाजूला झुकवून घट्ट करा, म्हणजे परत येताना बोटांपर्यंत पोचणार नाही. स्प्रिंग एक-दोन फेरे आवळा; तुमच्या पायाचं वजन बोर्डवर जास्त पडतं, ते उचलायला ताण हवा.

स्लाइडसाठी पहिला ठोका रेघेच्या तीन-चार सेंमी मागून आणि दुसरा रेघेवर. म्हणजे सरकायचं रेघेपर्यंतच, साखळीपर्यंत नाही. 60 पासून सुरू करा. लेड झेपलिन बँडचा ड्रमर जॉन बॉनम एका पायाने तिहेरी ठोके काढायचा ते लडविगच्या स्पीड किंग पेडलवर, आणि ते पेडल 1937 पासूनचं. पुढे कधी लाँगबोर्ड घेतलंच तर टामा स्पीड कोब्रा किंवा पर्ल डेमन ड्राइव्ह पायाने वाजवून बघा. डेमन ड्राइव्हचा बोर्ड लांब-आखूड दोन्ही करता येतो. नडगीत कळ आली तर मात्र त्या दिवशी थांबा.

धागाकर्ता

मनापासून आभार. आठ दिवस याच पद्धतीने बसलो. रेघ बोर्डच्या मध्याच्या जरा पुढे आली. मी इतके दिवस त्याच्याही चार बोटं पुढे होतो! मोजा स्वच्छ आहे. स्प्रिंग दोन फेरे जास्त वाटली, दीडवर आणली. डबल्स 72 ला दोन्ही ठोके सारखे ऐकू येतात. 85 ला अजून नाही, पण दुसरा ठोका कुठे हरवतो ते आता पायाला कळतं.

एक नवीन अडचण. स्टूल मागे गेल्यामुळे हाय-हॅट (डाव्या पायाच्या पेडलवर चालणारी झांजांची जोडी) लांब पडला, आणि डावा पाय तिथे तसाच साखळीला लागतोय. हाय-हॅटचं स्टँड जवळ ओढावं, की डाव्या पायाचीही वेगळी रेघ काढावी?