मदत हवी आहे: सासूबाईंना शांततेत झोप येत नाही. आवाज, गाणी यांचा खरंच उपयोग होतो का?

नमस्कार मंडळी,

शिवाजी पेठेतलं जुनं घर पाडायला दिलंय, म्हणून सध्या पाचगाव रस्त्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत. जागा हवेशीर, रात्री दहानंतर चिटपाखरू नाही. आणि नेमका त्याचाच सासूबाईंना त्रास व्हायला लागलाय. वय ७४, बीपीची गोळी चालू. कानात रातकिडे ओरडल्यासारखं वाजतं म्हणतात. पेठेत रात्री कट्ट्यावरच्या गप्पा, पहाटे दुधाच्या किटल्या, त्यात ते कधी जाणवलंच नाही. आता आडवं पडलं की सुरू. ऐन थंडीत पंखा पाचावर ठेवून, अंगावर दोन वाकळा घेऊन झोपतात. का म्हणून विचारलं तर, "त्याची घरघर बरी वाटते गं."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. मळ नाही, वयामुळे ऐकू कमी येतंय, खोलीत हलका आवाज चालू ठेवा म्हणाले. कसला, किती, हे बोलणं बाहेरच्या रांगेमुळं झालंच नाही.

मुलानं मोबाइलवर पावसाचा आवाज लावून दिला. थोड्या वेळानं सासूबाई उठून गॅलरीत. "कुठं गळतंय बघ की!" पुन्हा लावला तर मध्येच कर्जाची जाहिरात किंचाळली, सगळं घर जागं.

नातेवाइकांचे फॉरवर्ड तर विचारू नका. अमक्या रागानं साखर उतरते, तमक्यानं मूतखडा विरघळतो. अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात राहून गाण्याला कमी लेखायची माझी छाती नाही, सासरे तर देवल क्लबातली मैफल सहसा चुकवायचे नाहीत. पण मूतखडा? तरी भजन ऐकताना सासूबाई निवांत होतात हे दिसतं. कपाळावरची आठी जाते, श्वास संथ होतो.

तर रात्री काय लावावं, किती मोठ्यानं, आणि रात्रभर की झोप लागेपर्यंत? हेडफोन चालतील का?

प्रतिसाद – तांबडापांढरा

ताई, आमच्या वडिलांचं हेच. कानाकडून येणारं कमी झालं की मेंदू आपल्या बाजूनं आवाज वाढवून बघतो, त्यातून हे वाजणं जाणवतं असं मानतात. शांततेत ते उठून दिसतं. म्हणजे पंखा लावून सासूबाईंनी इलाज आपला आपणच शोधलाय! छताच्या पंख्याऐवजी टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून ठेवा, वारं लागणार नाही. आवाज मात्र कानातल्यापेक्षा जरा खालीच असू दे. पूर्ण दाबून टाकला तर मेंदूला त्या वाजण्याची सवय होत नाही. वाजणं जात नाही, त्याच्याकडचं लक्ष जातं. रात्रभर चालला तरी हरकत नाही, कारण मध्यरात्री जाग आली की तेच पुन्हा. हेडफोन घालून झोपवू नका.

अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्यावर वाजत असेल तरी पुन्हा दाखवा.

प्रतिसाद – रंकाळ्यावरचा

गाण्याबद्दल. इटलीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे, त्यात सहा तऱ्हेचं संगीत ऐकवलं, आपला रागही होता. लय जलद तशी श्वास, नाडी, बीपी वर गेलं. गंमत पुढं आहे: मध्येच दोन मिनिटं शांतता ठेवली, तेव्हा हे सगळं ऐकण्याआधीपेक्षाही खाली आलं. तेव्हा झोपायच्या आधी संथ भजन लावा, ते संपू द्या, मग पंखा. टाळ-मृदंगाचा गजर सकाळी. बीपीची गोळी यातल्या कशानंही बंद करायची नाही, हे सासूबाईंना तुम्हीच सांगा.

मूतखड्याला पाणी प्या म्हणावं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. भजनं पेन ड्राइव्हवर भरून घेते, जाहिरातीची कटकट नको. आता खरी अडचण वेगळीच. डॉक्टर म्हणतात, श्रवणयंत्र लावलं तर हे वाजणंही कमी जाणवेल. सासूबाई म्हणतात, "मी काय म्हातारी झाले?" तुमच्या घरी कुणी असं अडून बसलं होतं का? कसं पटवलंत?